सांध्याखालची जागा

बाबा,

तुमची जिनिंग मागच्या महिन्यात पाडली. तुमची म्हणजे शेठचीच, पण आपल्या घरात 'आपली जिनिंग' म्हणायची रीत होती, ती अजून माझ्या तोंडातून जात नाही. बरीच वर्षं बंदच होती. पत्रे कोणी कोणी नेले, सरकी काढायच्या मशिनी भंगारात गेल्या, चार भिंती आणि माळ्याच्या तुळया तेवढ्या उरल्या होत्या. पाडणार असं कळलं तेव्हा मी छत्री घेऊन गेले आणि फाटकाजवळच्या दगडावर बसले. ठेकेदाराच्या माणसांनी हटकलं, तर म्हटलं, माझ्या बापाचं काम खाली येऊन राहिलं, मी पाहणार. म्हातारीशी कोण वाद घालतो? तुम्ही जोडलेली तुळई उतरवली आणि दोघं जण पहारी घालून तुमचा सांधा उकलायला बसले. घामाघूम झाले, पण सांधा हलेना. शेवटी त्यांचा मिस्त्री माझ्याकडे आला. "आजी, हे लाकूड एक हाये का दोन?" म्हटलं, "दोन." "मंग उकलत कावून नाई?" म्हटलं, "उकलाले केलं असतं तं उकललं असतं." त्याला हसू आलं. दोन्ही बाजूंनी करवत लावून त्यांनी मधला तुकडा कापून काढला, आणि मी मागितला तर देऊन टाकला. हातगाडीवर घालून घरी आणला. आता ओसरीत पडला आहे, त्यावर मांजर झोपते. रोज त्याच्याकडे बघत जेवते आणि तुमच्याशी काय बोलायचं राहिलं ते आठवतं. आपल्याला एकमेकांशी बोलायची सवय कधीच नव्हती, म्हणून लिहिते.

शेंदूरजनाघाटहून मी परत आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. सासरी संत्र्याच्या पेट्या करायचा धंदा. ते घर तुम्हीच पाहिलं होतं. आपल्याच जातीचं, आपल्याच हातचं काम, हंगामात श्वास घ्यायला फुरसत नाही असं. मला मूल झालं नाही, तर त्यांनी दुसरी आणली. तिनं मला काही त्रास दिला नाही, खोटं कशाला बोलू? पण एका चुलीवर दोघींनी राबायचं आणि ताटावर बसल्यावर एकीच्याच हातची भाजी चांगली लागायची, हे मला सोसलं नाही. गाठोडं उचललं आणि निघाले. आपल्या अकोल्याच्या घरी पोचले तेव्हा तुम्ही अंगणात रंधा मारत होता. मान वर केलीत, गाठोड्याकडे पाहिलंत, माझ्याकडे नाही, आणि पुन्हा रंधा मारायला लागलात. माय आतून आली, गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "पाय धू वं."

त्यानंतर तुमचं-माझं जे काही बोलणं व्हायचं ते मायच्या तोंडून. समोरासमोर बसून. "तिले सांग, पानी ठेवाले." "बाबाले विचार वं माय, भाकर आता वाढू का मंग?" माय बिचारी मान इकडून तिकडे फिरवायची. एकदा चिडून म्हणाली, "मी काय तुमच्या दोघाइच्या मधातली भित हाय का?" तरी तुम्ही हसला नाहीत. अक्षय तृतीयेच्या आसपास आले होते, पोळा गेला तरी तुमचं तोंड उघडलं नाही. विहिरीवर बाया भेटल्या की विचारायच्या, "मंग, कवा जाती वं?" मी म्हणायची, जाईन. कुठे जाईन ते माझं मलाच माहीत नव्हतं. दिल्या घरी सुखी राहावं म्हणतात. तिथे राहिले नाही, आणि इथे मी कोणालाच नको होते. हे मी तुमच्यावर ठपका ठेवायला लिहीत नाही. तेव्हा जे वाटत होतं ते सांगते.

दसऱ्याच्या आधी जिनिंगमधली ती गोष्ट झाली. माळ्यावर कापसाच्या गंज्या, खाली मशिनींची ओळ, आणि प्रत्येक मशिनीवर एक बाई मान खाली घालून कापूस सारत बसलेली. भिंतीजवळच्या तुळईचं टोक भिंतीतल्या ओलीनं आणि उदईनं आतून खाल्लेलं. बाहेरून कोणाला कळलं नाही. हंगामाच्या आधी नुसता जुना कापूस वर रचत होते, तर तुळई खचली, दोन फळ्या सुटल्या आणि झाडू मारणाऱ्या एका बाईच्या खांद्यावर आल्या. तिचा हात पुढे कधी नीट वर गेला नाही. मॅनेजरनं तुम्हाला बोलावलं आणि सांगितलं, हंगाम तोंडावर आहे, तुळई बदला. तुम्ही बैलगाडी घेऊन परतवाड्याला गेलात. तेव्हा लढाई चालू होती, मेळघाटातलं लांब सागवान सगळं सरकारच्या कामाला जायचं. पूर्ण लांबीचं लाकूड मिळालं नाही. एक आखूड ओंडका घेऊन परत आलात. मॅनेजरला म्हणालात, खराब टोक कापतो, नवा तुकडा जोडतो, पण सांध्याखाली एक खांब द्या. तो म्हणाला, खांब दिला तर मशीन हलवावी लागेल, ते जमणार नाही. घरी येऊन तुम्ही मायला म्हणालात, "बिना खांबाचा सांधा मागून राहिला. वर गंजी आन् खाली बाया." आणि जेवला नाहीत.

दुपारची भाकर मी नेऊन द्यायची. दाराशी फडकं ठेवायचं आणि निघायचं असा आपला न बोललेला करार होता, पण मी निघत नसे. उभी राहून पाहायची. जुन्या तुळईला तुम्ही लांब तिरपा काप दिला होता, नव्या तुकड्याला त्याच्या उलटा, आणि दोन्हीच्या मधोमध एकेक दात ठेवला होता. एकाचा दात दुसऱ्याच्या दाताला अडकायचा. नव्या तुकड्याच्या कापाला गेरू चोपडायचा, तो जुन्यावर दाबून बसवायचा, उचलायचा, आणि जुन्या लाकडावर जिथे जिथे लाल उमटलं असेल तिथे तिथे पटाशीनं हलकेच छिलायचं. पुन्हा गेरू, पुन्हा दाबायचं. पहिल्या दिवशी लाल ठिपके उमटत होते, मग पट्टे, मग एक दिवस सगळाच काप वरपासून खालपर्यंत सारखा लाल झाला. तेव्हा तुम्ही ओठ चाटले. मला वाटलं आता संपलं, पण तुम्ही ते सगळं पुसून परत गेरू लावला.

हमालाला तुम्ही सांगत होता ते मी ऐकायची. तो ओंडक्याचं कुठलंही टोक पुढे करायचा आणि तुम्ही त्याच्यावर डाफरायचा. "झाड वाढते तसं जोडाचं असते गा. याचा शेंडा हाये, याले त्याचं बूड लागते. शेंड्याले शेंडा लावला तं दोघंही तोंड फिरवून बसते." आणि एकदा म्हणालात, "जोडलं म्हंजे लांबी वाढते. पन दोघाइले थोडं थोडं कमी व्हा लागते." मी दारात उभी. मला वाटलं हे मला ऐकवून राहिले. अंगाचा तिळपापड झाला, फडकं तिथेच आपटून घरी आले. आता वाटतं, तुम्ही नुसतं लाकडाबद्दल बोलत होता. तुम्ही नेहमी लाकडाबद्दलच बोलायचा. अजून एक गोष्ट तुम्ही त्या हमालाला सांगितली होती, तीही माझ्या कानात राहिली. टेकू काढला की सांधा एक आवाज करतो. पाचर बसते तो आवाज, तो चांगला. दुसरा आवाज झाला तर पळायचं.

मग ती सकाळ. तुळई वर चढलेली आहे, सांध्यात बाभळीच्या पाचरी दोन्हीकडून ठोकलेल्या आहेत, खाली दोन जाड टेकू लावलेले आहेत. माळ्यावर गंज्या रचून झाल्या आहेत, कारण मॅनेजरला धीर नाही. दाराशी बाया जमल्या आहेत. टेकू निघाले की मशिनी सुरू व्हायच्या. तुम्ही फेटा काढून ठेवता, हातोडा घेता. आपली रीत ठरलेली: ज्यानं सांधा केला त्यानंच टेकू पाडायचा आणि त्यानंच पहिल्यानं खाली उभं राहायचं. आजोबांनीही तेच केलं होतं, हे तुम्ही मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, रीत करा काय करायची ती, पण लवकर करा.

पहिल्या मशिनीवरची बुढी पुढे आली. बायांमध्ये तिचा शब्द चालायचा. तिनं वर पाहिलं, सांध्याची तिरपी रेघ पाहिली आणि म्हणाली, "हे तं जोडलेलं हाये." तुम्ही म्हणालात, हो. "आमी नाई बसत याच्या खाली." तुम्ही म्हणालात, "मी पयले उभा राहतो ना, बाई." बुढी हसली. खवचट नव्हे, दमलेल्या माणसासारखी हसली. म्हणाली, "तुमी उभे राहता ती तुमची रीत. पन तुमी सुतार हा. लाकूड कवा बोलते, कवा पयाचं, तुमाले मालूम. आमची मान खाली, कानात मशिनीचा आवाज. आमच्यावानी जो पयू शकत नाई त्याले बसवा." मॅनेजर म्हणाला, कोणाला बसवू, तूच सांग. बुढीनं माझ्याकडे हात केला. त्या दिवशी सकाळीच भाकरीचं फडकं घेऊन मी दारात उभी होते. "त्याइची लेक हाये ना ते. तिले बसवा."

सगळ्या बाया माझ्याकडे पाहतात. तुम्ही पाहत नाही. हातोड्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहता. मग तुम्ही एवढंच म्हणता, "नाई."

झालं. बाया आपापली टोपली उचलायला लागल्या. एक दुसरीला म्हणाली, पाहा, त्याचाच भरवसा नाई. मॅनेजर लाल झाला, म्हणाला, म्हणजे काम कच्चं आहे का? उभं आयुष्य लाकडात घातलेला माणूस, आणि त्याच्या कामाला भर जिनिंगमध्ये कच्चं म्हटलं. मला तर वेगळंच वाटलं. वाटलं, टाकलेली बाई नव्या कामाखाली पहिली बसवायची नाही, अपशकून होतो, म्हणून तुम्ही नाही म्हणालात. बाबा, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. फडकं खाली ठेवलं. बायांच्या मधून चालत गेले आणि भिंतीजवळच्या मशिनीच्या पाटावर, बरोबर सांध्याखाली, जाऊन बसले. मान खाली घातली, जशी बाया घालतात. म्हटलं, "पाडा टेकू."

"ऊठ," तुम्ही म्हणालात.

इतक्या महिन्यांत माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी उठले नाही. "ऊठ म्हनून राहिलो ना मी." मी उठले नाही. मॅनेजरनं हमालाला खूण केली, तो घण घेऊन टेकूकडे निघाला. तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. मला तुमचे पाय तेवढे दिसत होते. तुम्ही त्याला म्हणालात, "तू दनका घालशीन. हटून जा. माह्या हातानं पाडीन." आणि मग पायांनी दोन पावलं टाकली आणि टेकूजवळ थांबले. टेकूखाली पाचर होती, तिच्यावर तुम्ही एक हलका ठोका मारला. थांबलात. वर पाहिलं असणार. दुसरा ठोका. पाचर बोटभर सरकली. माझ्या डोक्यावरून बारीक भुसा पडला. वर एवढा कापूस आहे आणि तो हळूहळू त्या लाल तिरप्या रेघेवर येऊन बसतो आहे, हे मला मानेत कळत होतं. एक टेकू निघाला. तुम्ही तो हमालाच्या अंगावर लोटलात, खाली पडू दिला नाहीत. मग दुसऱ्याला हात घातलात. तुमचा श्वास मला ऐकू येत होता, करवत बोथट झाल्यावर येतो तसा. पाचर निघाली, टेकू निघाला, आणि तुम्ही हातोडा टाकून माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात, इतके जवळ की तुमचं धोतर माझ्या खांद्याला लागत होतं.

कडाक.

बायांमधून कोणीतरी "अगो माय" म्हणालं. मी तुमचं धोतर धरलं. दोन्ही मुठींत. तुम्ही हलला नाहीत, मलाही हलू दिलं नाहीत, माझ्या डोक्यावर हात दाबून धरला होता. पहिला आवाज झाला होता. आता दुसऱ्याची वाट. मी पळायला तयार नव्हते, तुम्हीही नव्हता. कुठेतरी एक कबुतर फडफडलं आणि अख्खी जिनिंग दचकली. मग काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. बुढी आली, दोघांच्या मध्ये वाकून वर पाहिलं, पदर खोचला आणि आपल्या मशिनीवर जाऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

तुम्ही मला हाताला धरून बाहेर नेलंत, कडुनिंबाखाली, आणि तोंड सोडलंत. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं. "कोनाले इचारून बसली वं? तुह्या बापाचं घर हाये का ते, येऊन बसाले? डोकं फिरलं का? तुह्या मायले काय सांगतलं असतं मी?" धोतर एका हातानं सावरत होता, कारण मी ओढून ओढून गाठ सैल केली होती. मी म्हटलं, "माह्या बापाचंच काम होतं ना." तुम्ही धोतराची गाठ नीट मारलीत. मग म्हणालात, "भाकर कोठी हाये?" आपण दोघांनी एका फडक्यावर बसून खाल्लं. त्या दिवसापासून माय मधली भिंत राहिली नाही. बायांनी विचारलं, कवा जाती, तर तुम्हीच आतून ओरडलात, "ते कोठी जात नाई." मॅनेजरनं मला त्याच मशिनीवर कामाला घेतलं. तिथला पाट डुगडुगत होता, तर तुम्ही कापलेल्या टोकातलं जेवढं लाकूड निरोगी निघालं त्याचा नवा करून दिलात, कडा गोल केलेला, मांडीला लागू नये म्हणून. जिनिंग बंद होईपर्यंत मी त्यावर बसले.

आणि तुम्ही ती गोष्ट सांगत सुटलात. न बोलणारा माणूस, पण ही गोष्ट तेवढी सगळ्यांना सांगायची. बाजारात, लग्नात, अमरावतीहून कोणी काम घेऊन आलं तर त्यालाही. "माह्या लेकीनं माह्या सांध्यावर जीव ठेवला. मी नाई म्हनलं, ते बसली. तिले मालूम होतं." लोक माझ्याकडे कौतुकानं पाहायचे. मी खाली मान घालून हसायची. शेवटच्या आजारात तुम्ही खाटेवर होता, मी पाय दाबत होते, आणि तुम्ही एकदम विचारलंत, "तुले मालूम होतं ना वं, तुटत नाई म्हनून?" मी म्हटलं, "हो बाबा." तुम्ही डोळे मिटले. पुन्हा तो विषय काढला नाहीत.

मला मालूम नव्हतं, बाबा. मी भरवशानं बसले नव्हते. सांधा तुटावा म्हणून बसले होते. वाटलं, सासर नको, माहेर नको, विहिरीवरचं ते 'कवा जाती' नको, एका दणक्यात सगळं मिटेल आणि कोणी जीव दिला असंही म्हणणार नाही. आवाज झाला तेव्हा मात्र माझ्या हातांनी मला न विचारता तुमचं धोतर धरलं. तुम्ही गोष्ट सांगताना ते धोतर नेहमी वगळायचात. गाठ तुमचीच सैल झाली होती, विसरणं शक्य नाही. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं का? खाटेवर तुम्ही मला विचारत होता, की माझ्याकडून 'हो' ऐकून घेत होता? हे आता विचारायला कोणी नाही.

हा कागद पाठवायचा कुठे? मनात होतं, घडी करून त्या तुकड्यात, सांध्याच्या फटीत खुपसून ठेवावा, तुमचं तुमच्याजवळ. मघाशी मांजर उठवून पाहिलं. घडी तर सोडाच, एकेरी कागदाचा कोपराही आत जात नाही. इतके हंगाम वर गंज्या होत्या, तरी फट नाही. मी तिथे बसून कितीही वाट पाहिली असती, तरी तो सांधा तुटणार नव्हता. तुम्ही मला ऊठ म्हणालात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही मला ऊठ म्हणालात.